आग विझवणाऱ्यांना आग वाचायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

पुण्यात आमच्या तुकडीला तुम्ही आगीच्या तपासाचं प्रशिक्षण दिलंत. तोंडी 'थँक्यू' म्हणून भागेल असं ते शिक्षण नव्हतं, म्हणून हे जाहीर पत्र.

वर्दी आली की बंब काढायचा, माणसं सुखरूप बाहेर आणायची, आग विझवायची, पुन्हा पेटू नये म्हणून कूलिंग करायचं (पाणी मारून जागा थंड करायची), हे आम्हाला पाठ. पण आग कशी लागली हे सांगणाऱ्या खुणा सगळ्यात आधी आम्हालाच दिसतात आणि पुष्कळदा आमच्याच पाण्याच्या माऱ्यात वाहून जातात, हे तुम्ही पहिल्याच तासाला सांगितलंत.

प्लायवूडच्या त्या दोन खोल्या विसरणं शक्य नाही. एकीत नुसती गादी पेटवली, दुसरीत पेट्रोल ओतलं. दोन्हीकडे भडका उडून अख्खी खोली पेटली आणि विझवल्यावर जमिनीवरचे काळे डाग अगदी सारखे दिसले. बहुतेकांनी दोन्हीकडे पेट्रोलच सांगितलं. तुम्ही कुणालाही कमी लेखलं नाहीत. २००५ साली लास व्हेगासला अशीच चाचणी झाली, तेव्हा आग खोलीच्या कुठल्या भागात लागली हे ५३ जणांपैकी फक्त तिघांना बरोबर सांगता आलं, हे सांगितलंत. मग पेट्रोल ओतलेल्या खोलीत उकिडवे बसून पटाशीनं उंबऱ्याची पट्टी उचकटलीत. वर कोळसा, खाली न जळलेलं लाकूड, आणि त्याला पेट्रोलचा वास! ते लाकूड नवे हातमोजे घालून, स्वच्छ, हवाबंद पत्र्याच्या डब्यात. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून वाफ निसटते. शिवाय पेट्रोल न पडलेल्या जागेचं तसंच लाकूड वेगळ्या डब्यात, तुलनेसाठी.

'शॉर्ट सर्किट' हा शब्द किती सहज लिहिला जातो! तांब्याच्या तारेवरचा वितळलेला मणी आग लावणाऱ्या शॉर्ट सर्किटची खूण असू शकतो, तसाच आगीचा परिणामही, हे तुम्ही समजावलंत. एखाद्यावर जाळपोळीचा खोटा आळ येणं किंवा खरा गुन्हेगार सुटणं अशा एका शब्दावर ठरू शकतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ते पोहोचेपर्यंत जागा आमच्या हातात असते. आता आमच्यातला एकजण दाराची कडी आतून होती की बाहेरून, कुठल्या खिडक्या उघड्या होत्या, धूर कुठून येत होता, हे लगेच टिपून ठेवतो. दारं-पत्रे कापायच्या कटरमध्ये पेट्रोल भरायचं तेही जळालेल्या जागेपासून लांब नेऊन, म्हणजे आमचंच पेट्रोल तिथं सांडायला नको.

सर, एक विनंती. पुढच्या तुकडीत बीट मार्शलना, म्हणजे गस्तीवरच्या पोलिसांनाही घ्या. पेठांतल्या अरुंद बोळांत बंब वळेपर्यंत ते दुचाकीवरून पोहोचलेले असतात. जागेची व्यवस्था आणि लागेल ते लाकूडसामान आम्ही बघू. तारीख तेवढी कळवा.

कळावे, लोभ असावा.

आपला विद्यार्थी,
अग्निशमन दलातला एक जवान, पुणे