गुरुवारच्या प्रेझेंटेशनबद्दल

बाळा, काल फोनवर म्हणालीस की गुरुवारी तुमच्या व्हीपीसमोर, म्हणजे व्हाइस प्रेसिडेंटसमोर, प्रेझेंटेशन आहे, वीस मिनिटं मिळणार आणि स्लाइड झाल्यात ३२, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच फिरतंय. म्हणून टाईप करत बसलोय, सावकाश वाच.

बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत होतो, तेव्हा पंप बॉडीच्या कास्टिंगला, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडी पीसला, भोकं पडायची. साच्याच्या वाळूत ओल जास्त झाली की लोखंड ओतल्यावर तिची वाफ होते, वाट मिळाली नाही की आतच अडकते, वरून पीस चांगला दिसतो आणि लेथवर टर्निंगला लावला की भोक उघडं पडतं. मला ओल तपासायचं मशीन पाहिजे होतं. मालकांसमोर तीन महिन्यांचे आकडे घेऊन गेलो, पहिल्या दिवसापासून काय काय केलं ते सांगत राहिलो, मशीनचं नाव काढायच्या आत त्यांना फोन आला आणि ते उठले. पुढचे सहा महिने पोरं राबायची आणि माल भंगारात जायचा, मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या खेपेला एक पीस मधोमध कापून नेला, टेबलावर ठेवला आणि आधीच सांगितलं, साहेब, मशीन घ्यायला तुमचा होकार पाहिजे. त्यांनी भोकात बोट घालून बघितलं आणि कानडीत विचारलं, "एष्ट आगतैति?", म्हणजे किती होतात? खर्च आणि किती महिन्यांत वसूल होतो ते एका कागदावर लिहून नेलंच होतं. पाच मिनिटांत काम झालं की गं.

तू पण तसंच कर. काय मंजूर करून पाहिजे, किती पैसे, नाही केलं तर काय बिघडतं, हे पहिल्या मिनिटात. मधेच तोडतील, ते रागानं नव्हे, त्यांना जे ठरवायचंय तिथं लवकर जायचं असतं, तेव्हा "ते पुढं येतंय" म्हणू नको, सरळ त्या स्लाइडवर जा. बाकीच्या स्लाइड मागं ठेव, विचारलं तर काढ. माहीत नसेल तर उद्या अकरापर्यंत मेल करते म्हण, आणि खरंच कर. फायनान्सवाल्यांना बुधवारीच आकडे दाखवून ये, त्यांनी भर मीटिंगमध्ये पहिल्यांदा बघितले तर तिथंच अडकशील.

अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान २८ जानेवारी १९८६ ला फुटलं, सात माणसं गेली. आदल्या रात्री इंजिनिअर लोक सांगत होते की थंडीत ओ-रिंग, म्हणजे रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी, नीट सील करणार नाही, उडवू नका. तक्ते पाठवले, पण किती थंडीला किती नुकसान झालं ते एका तक्त्यात शेजारी शेजारी नव्हतं. निर्णय वरच्यांचाच होता, दोष मी त्या इंजिनिअरना देत नाही, पण तो एक तक्ता समोर असता तर, असं मनात येतंच.

रविवारी रात्री जेवण झाल्यावर व्हिडिओ कॉल कर. आधी मला मराठीत सांग, स्लाइड न दाखवता. मी मधेच तोडणार आहे, तयार राहा. आई पण बसेल ऐकायला, तिला कळलं की मग इंग्लिशमध्ये कर.

तुझा बाबा