बेंद्रे मास्तरही होते

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यावरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, चित्रांची छपाईही नेटकी. पण पद्मश्री, पद्मभूषण आणि लिलावातल्या बोलींना अर्धे पान अन् बडोद्याच्या वर्षांना जेमतेम दोन ओळी! शाळेत चित्रकला शिकवण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्या बाईला हे खटकणारच.

१९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कलांची विद्याशाखा सुरू झाली, तेव्हा चित्रकला विभाग बेंद्रे यांच्याकडे आला. पुढे ते अधिष्ठाता झाले आणि १९६६ मध्ये तिथून बाहेर पडले. शांती दवे, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख हे त्यांचे विद्यार्थी. या तिघांची नंतरची कामे शेजारी शेजारी ठेवून पाहा, कुणाचे कुणासारखे नाही आणि मास्तरांसारखे तर नाहीच. स्वतः इतक्या शैली हाताळलेल्या माणसाने मुलांवर एकही लादली नाही, याला मी पुरस्कारांपेक्षा जास्त मोल देईन.

बेंद्रे यांची ख्याती होती ती प्रात्यक्षिकांसाठी. विद्यार्थ्यांसमोर उभे राहून ते कोऱ्या पृष्ठभागापासून चित्र करून दाखवत. यातली जोखीम वर्गावर ब्रश हातात घेतलेल्यालाच कळेल. जलरंगात आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, पुरता वाळला नसताना झाडाचा हिरवा लावला, की तो वर चढत जातो. मागे पोरे टाचा उंचावून बघत असतात. टिपकागदाने तो रंग उचलायचा, की त्याचेच धुकट टेकाड करायचे, हे त्यांच्यादेखत ठरवावे लागते. माझी मुले शिकली ती अशाच वेळी. नीट जमलेल्या चित्रातून त्यांना फारसे काही मिळाले नाही.

आता चित्रकलेच्या इंटरमिजिएट या सरकारी परीक्षेत अ श्रेणी मिळाली, की दहावीला ७ गुण वाढतात. त्या निमित्ताने का होईना, मुले परीक्षेला बसतात, याचा आनंदच आहे. पण शिकवण्यांमधून फुगेवाला, बसथांबा, भाजीबाजार अशी चित्रे गिरवून घेतली जातात. पाहिलेले आठवून काढायचे ते स्मरणचित्रच पाठ करून घ्यायचे, म्हणजे कमालच झाली! शिकवणारा स्वतः कागदाला हात लावत नाही. मोबाइलवर तयार चित्र दाखवले, की तास संपला.

एक विनंती आहे. बेंद्रे ज्यांच्याकडे इंदूरला शिकले, त्या दत्तात्रय दामोदर देवळालीकरांवर एक सविस्तर लेख छापावा. चित्रकार एम. एफ. हुसेन आणि डी. जे. जोशी हेही त्यांच्याच हाताखाली शिकलेले. लेखासोबत देवळालीकरांची पेंटिंग्ज तर द्याच, पण त्यांच्या विद्यार्थ्यांची त्या काळातली कच्ची रेखाटने कुठे मिळाली तर तीही छापा. आम्हा मास्तरलोकांना त्यातच जास्त रस आहे.

– एक निवृत्त कलाशिक्षिका, सांगली