प्रेमाने गुंता सुटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधल्या फॉस्टर घरांवरचा, म्हणजे आईवडिलांपासून दूर ठेवलेली मुलं सांभाळणाऱ्या घरांवरचा, रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. माझंही असंच एक घर. काल दिवसभर गप्प बसले. लेखक सज्जन वाटतात, आणि आठ दिवसांच्या सहलीत माणूस बघून बघून किती बघणार? पण आज सकाळी चहा गाळताना फोटोखालची ओळ पुन्हा आठवली, 'अनाथ' कृष्णवर्णीय मुलांना मिळालेल्या गोऱ्या घरांच्या उबेची, आणि गाळणं सिंकमध्ये आपटलं.

अहो, अनाथ कोण? अकरा वर्षांत माझ्याकडे नऊ मुलं राहून गेली. एकाचेही आईवडील दोघं वारलेले नव्हते. आई असते. कधी आजारी, कधी नशेत, कधी मार खाणारी, कधी मारणारी. पंधरा दिवसांनी शनिवारी भेटायला येते, लेकराच्या आवडीची बिस्किटं आठवणीने आणते. 'केअर'ला, म्हणजे सरकारने मुलाची जबाबदारी घेण्याला, आपल्याकडे सुटसुटीत शब्द नाही, म्हणून सगळ्यांना सरसकट अनाथ करून टाकायचं?

राहिला रंग. इथे मुलाचा रंग कोणी विचारत नाही, याचं लेखकाला भारी कौतुक. 2014 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये दत्तक देताना वंश, धर्म, भाषा यांचा विचार करण्याचं बंधन काढलं, हे खरं. जुळणारं घर शोधण्यात काळी मुलं वर्षानुवर्षं ताटकळतात, हे कारण सांगितलं गेलं. ती अजूनही ताटकळतातच. फॉस्टरिंगला मात्र 1989 चा कायदा लागू आहे, आणि तो हा विचार करायला सांगतो. प्रत्यक्षात तो कसा होतो, ते ऐका.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला सहा वर्षांची मुलगी दारात. आईवडील घानाचे. सामान कचऱ्याच्या दोन काळ्या पिशव्यांत. सोशल वर्कर पोरगी बिचारी दमलेली. म्हणाली, जुळणी छान झालीय, तुम्ही एशियन, तुम्हाला कळेल. काय कळेल? मी सातारची. घाना नकाशात दाखव म्हटलं असतं तर माझं बोट आधी केनियावर गेलं असतं. पण फॉर्मवर 'सांस्कृतिक जुळणी'समोर बरोबरची खूण झाली.

मुलीच्या मानेवर केसांचा नमद्यासारखा घट्ट गठ्ठा झाला होता. आधीच्या घरची नोंद होती, 'केस विंचरताना सहकार्य करत नाही.' मग मी काय केलं? माझ्या आईने जे केलं असतं तेच. खोबरेल कोमट केलं, बारीक दातांची फणी घेतली, पोरीला पुढ्यात बसवलं. पहिल्याच ओढीला अशी किंचाळली की शेजारच्याने भिंत ठोकली. नंतर तीन दिवस फणी दिसली की बाथरूमला आतून कडी. माया कमी नव्हती हो. अक्कल कमी पडली.

ती दिली शाळेच्या फाटकाशी भेटलेल्या एका नायजेरियन आजींनी. केस ओले हवेत, कंडिशनर सढळ हाताने, कंगवा रुंद दातांचा, आणि सुरुवात टोकाकडून, मुळाकडून नाही. रात्री डोक्याला सॅटिनची टोपी, कारण सुती उशी केसांतला ओलावा शोषून घेते. अंगाला शिया बटर, म्हणजे आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांचं लोणी. दोन रविवार मिळून सात तास लागले. गठ्ठा सुटला तेव्हा त्याखाली टाळूला जखम निघाली. कितीतरी लोकांनी तिची कितीतरी पानांची फाईल लिहिली होती. त्यात ही जखम नव्हती.

पुढे वेण्या घालून घ्यायच्या तर पार्लरचे साठ पौंड. फॉस्टरिंगच्या ऑफिसला विचारलं. उत्तर आलं, केसांचा खर्च आठवड्याच्या भत्त्यात धरला आहे. तिच्या आधी माझ्याकडे असलेल्या मुलाच्या घोडेस्वारीचे पैसे याच ऑफिसने तीन दिवसांत मंजूर केले होते. घोडा गरज, वेण्या चैन! पैसे मीच भरले, पण केसांना हात लावायला परवानगी हवी, तीही आईची. आईने सही केली आणि नंतर फोटो बघून म्हणाली, आता माझ्या घरची दिसते.

देशाच्या लोकसंख्येत ब्लॅक लोक 4 टक्के. केअरमधल्या 80 हजारांहून जास्त मुलांत ब्लॅक मुलं 7 टक्के. रंग न बघता हा हिशेब कसा जमला, ते लेखकांनी पुढच्या सहलीत विचारावं. ब्लॅक फॉस्टर घरं मिळावीत म्हणून लंडनमध्ये 1975 साली मोहीम झाली होती. पन्नास वर्षं झाली. आजही मावशी मुलाला ठेवायला तयार असते आणि घोडं अडतं तिच्या फ्लॅटमध्ये जादा खोली नाही यावर.

लेखात कवी लेम सिसे यांना म्हणे केअरने घडवलं. घडवलं! सोशल वर्करने त्यांचं नाव बदलून नॉर्मन ठेवलं, गोऱ्या फॉस्टर घराने बाराव्या वर्षी परत केलं, आणि आपल्या इथियोपियन आईने आपल्याला परत मागणारं पत्र लिहिलं होतं, हे त्यांना कळलं केअरमधून बाहेर पडताना.

आपण तरी कुठे वेगळे? गणपतीत पोरीला मंडळात नेलं, तर तीन काकूंनी न विचारता तिच्या केसांत हात घातला, तोही शिऱ्याच्या हाताने. एकीने बाजूला घेऊन विचारलं, "गोरं मूल नाही का गं मिळालं?" माझ्या तोंडात मोदक होता म्हणून ती वाचली.

जाता जाता. माझ्या मागच्या पत्राखाली आपण 'नेदरलँड्स' छापलंत. मी मिडलंड्सला राहते. दोनदा ईमेल केला, दुरुस्ती अजून छापून आलेली नाही. नाव याही वेळी छापू नये, मुलांमुळे तसा नियम आहे. गाव तेवढं नीट छापा.

आपली,
एक वाचक
मिडलंड्स, इंग्लंड