बाप बारशाचाच पाहुणा?

माहेरी बाळंतपणाची आपली पद्धत बाळंतिणीच्या सोयीची, यात वाद नाही. पण बाप बारशाला पाहुण्यासारखा येतो, अंगडं-टोपडं देतो आणि सोमवारी कामावर हजर! केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला निदान १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने आईची रजा २६ आठवडे झाली. खासगी नोकरीतल्या बापासाठी मात्र कायदा गप्प. माझा मुलगा तिसऱ्या महिन्यात घरी आला. रात्रीचं लंगोट बदलणं, ढेकर काढणं माझ्याकडे आलं, तेव्हा कुठे तो माझ्या आवाजाकडे मान वळवू लागला. ‘पुरुषांना जमत नाही’ म्हणे. जमतं की! खासगी कंपन्यांनाही ही रजा सक्तीची करावी, आणि सासुरवाडीनेही जावयाच्या हातात बाळ निर्धास्त द्यावं.

– एक वाचक, सांगली