फ्लॉरेन्सच्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हांला ते रुचणार नाही. पण फ्लॉरेन्सला निघालेल्या मराठी मंडळींच्या याद्यांवर तुम्ही लाल शाईने खाडाखोड करून त्या परत पाठवता, त्याचे आभार चारचौघांतच मानायला हवेत. आमचा प्रश्न ठरलेला असतो, ‘अजून काय बघून होईल?’ तुमचं उत्तरही ठरलेलं, ‘आधी सांगा, वार कोणता आणि गुडघे कसे आहेत?’

वाराने किती घोळ होतात! उफ्फीत्सी आणि आकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. शनिवार-रविवार बाहेरून चर्चं बघायची आणि सोमवारी निवांत संग्रहालयं, असा बेत केलेल्याला बोत्तिचेल्लीची चित्रंही मिळत नाहीत आणि मायकेलँजेलोचा डेव्हिडचा पुतळाही. चौकातला डेव्हिड १९१० साली बसवलेली प्रतिकृती आहे. मूळ ५ मीटर १७ सेंटिमीटरचा पुतळा १८७३ पासून आकादेमियात आहे. पालात्सो वेक्किओचं, म्हणजे नगरसभेच्या जुन्या वाड्याचं, संग्रहालय गुरुवारी दुपारी दोनलाच आटोपतं. रविवारची सकाळ सांता क्रोचे चर्चमध्ये उपासनेची, आणि कॅथीड्रलमध्ये तर रविवारचा भरवसाच धरू नये. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट, हे वाचून हुरळणाऱ्यांना तुम्ही एका ओळीत गप्प करता: तिकीट वाचतं, अर्धा दिवस रांगेत जातो.

कॅथीड्रलच्या घुमटाबद्दल तुम्ही समजावून दिलंत ते जन्मभर पुरेल. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वेळ आधी नोंदवावी लागते आणि एकदा नोंदवली की बदलत नाही. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, मोठी पिशवी आत नेता येत नाही. त्यामुळे आधी पिशवी ठेवायची, मग रांगेला लागायचं. हा क्रम उलटा झाला की नोंदवलेली वेळ हातची जाते. चढण सुरुवातीला साध्या गोल जिन्याची आहे. पुढे घुमटाच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन कवचांमधून वाट जाते. तिथे भिंत अंगावर कलते, वाट एका माणसाची आणि मध्येच मागे फिरायची सोय नाही. बंद जागेत जीव घाबरा होणाऱ्यांना तुम्ही सरळ ‘नको’ म्हणता, भीड ठेवत नाही.

पण चढणाऱ्यांनी नेमकं काय बघायचं, तेही तुम्हीच सांगितलंत. त्या कलत्या भिंतीत आडव्या विटांच्या थरांमध्ये ठरावीक अंतराने एकेक वीट उभी लावलेली दिसते. माशाच्या काट्यासारखी ती नक्षी वर वर चढत जाते. घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीची सगळी करामत तिच्यात आहे. सुमारे ४५ मीटर रुंदीच्या पोकळीवर जमिनीपासून लाकडी सांगाडा उभारणं परवडण्यासारखं नव्हतं, आणि सांगाडा नसेल तर आत झुकणारा विटांचा थर चुना धरायच्या आत घसरणार. त्या उभ्या विटा थराला जागच्या जागी अडकवून ठेवतात, थर पुरा झाला की तो स्वतःला सावरतो. काम १४२० मध्ये सुरू झालं आणि १४३६ मध्ये घुमट वर जुळून बंद झाला. बहुतेक जण या भिंतीजवळून धापा टाकत निघून जातात. तुमचं वाक्य कानात असलेला तिथे बोट ठेवून थांबतो.

गुडघ्यांची तक्रार असलेल्यांना तुम्ही शेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्याकडे वळवता. तिथेही ४१४ पायऱ्या आहेतच, पण मध्ये मजले आहेत, टेकता येतं, दम खाता येतो. वर जाळी असल्याने फोटोला जरा त्रास होतो. तरी तुमचा मुद्दा बिनतोड आहे: घुमटावर चढल्यावर सगळं शहर दिसतं, फक्त घुमट दिसत नाही. मनोऱ्यावरून तो अगदी समोर येतो.

कॅथीड्रलच्या मागे, पूर्वेच्या बाजूला, फरसबंदीत बसवलेला पांढरा संगमरवरी गोल दाखवलात, त्याचेही आभार. त्यावर एक अक्षर नाही, लोक त्यावर उभं राहून आइसक्रीम खातात. सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर वीज पडून घुमटाच्या शेंड्यावरचा सोनेरी तांब्याचा गोळा खाली आला, त्याची ती खूण. आणि ज्या दर्शनी भिंतीसमोर सगळे ‘किती प्राचीन!’ म्हणतात, ती १८८७ साली पुरी झाली, हे तुम्ही सांगता तेव्हा माणसांचे चेहरे बघण्यासारखे होतात. समोरच्या बाप्तिस्तेरीला, म्हणजे बाप्तिस्म्याच्या इमारतीला, असलेला शिल्पकार जिबेर्तीचा सोनेरी दरवाजाही तिथे प्रतिकृतीच आहे. मूळ दरवाजा कॅथीड्रलच्या संग्रहालयात काचेआड ठेवलेला आहे. तिथे गर्दी कमी असते, म्हणून यादीत ते संग्रहालय तुम्ही वर सरकवता.

पुलांचं मात्र तुम्ही दोनच ओळींत आटपता. पोन्ते वेक्किओ हा जुना पूल १३४५ चा. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी आर्नो नदीवरचे बाकी पूल उडवले, हा तेवढा ठेवला. तुमच्या मते त्यावर उभं राहण्यापेक्षा शेजारच्या सांता त्रिनिता पुलावरून तो बघावा. तेच बरोबर आहे.

लहानसहान गोष्टींत तर तुम्ही किती जणांची वणवण वाचवली! इथे एकाच रस्त्यावर घरांचे क्रमांक दोन प्रकारचे. राहत्या घरांचे काळे किंवा निळे, दुकानं-खानावळींचे लाल. लाल असेल तर पत्त्यात आकड्यामागे ‘आर’ येतो. तो ‘आर’ गाळून शोधणारा माणूस त्याच क्रमांकाच्या कुणाच्या तरी घराची घंटा वाजवतो, आणि खानावळ रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला निघते. भाड्याच्या गाडीवाल्यांना तुमची ताकीद वेगळी: जुन्या शहरात परवान्याशिवाय गाडी घालायची नाही. वेशीवर कॅमेरे आहेत, पोलीस अडवत नाही, म्हणून चूक कळतही नाही. दंडाचा कागद काही महिन्यांनी भारतात पोचतो, वर गाडी देणारी कंपनी आपलं शुल्क वेगळं लावते.

खाण्याचंही तसंच. गाड्यावरचं लांप्रेदोत्तो म्हणजे गाईच्या जठराचा एक भाग. ‘लोकल सँडविच’ म्हणून घास घेतल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. शाकाहाऱ्यांना तुम्ही टोमॅटो-पावाचं पाप्पा आल पोमोदोरो सुचवता, पण रस्सा भाज्यांचाच आहे ना, हे विचारायला लावता. पार्मेजानोत वासराच्या जठरातलं विरजण असतं, हेही लपवत नाही.

आणि शेवटी ती जागा, जी आमच्या एकाही यादीत नव्हती.

कास्चिने बागेच्या पश्चिम टोकाला मुन्योने ओढा आर्नोला मिळतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. विसावं सरून एकविसावं चालू होतं. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि दहन तिथे सर्रास होत नसे. खास परवानगी काढून या संगमावर चिता रचली गेली. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली, आत फेटा बांधलेला त्यांचा रंगीत अर्धपुतळा. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावही त्यांच्यावरूनच पडलं: पोन्ते आल्लिंदियानो, भारतीयाचा पूल. छत्री कुणाची, हे न सांगताही कोल्हापूरकर तिथे गप्प उभे राहतात, हे तुम्हीच सांगितलंत.

वाट तुम्ही आखून दिलीत तशीच लिहितो, दुसऱ्यांच्या उपयोगी पडेल. स्टेशनजवळून पहिल्या क्रमांकाची ट्राम, कास्चिने थांबा, मग नदी डाव्या हाताला ठेवून सरळ पश्चिमेला. दोन किलोमीटरहून जास्तच चाल आहे, म्हणून पाणी बरोबर. मंगळवारी सकाळी त्या बागेत बाजार भरतो, बघायचा असेल तर तोच वार. नाहीतर संध्याकाळ बरी, पण अंधार पडायच्या आत परतायचं.

पुढच्या मंडळींची यादी सोबत धाडत आहोत. मुक्काम दोनच दिवसांचा, आणि त्यात पीसा घातलं आहे. तुम्ही ते खोडणार हे माहीत आहे, तरी एकदा बघा.

तुमचीच,
याद्या पाठवणारी मंडळी