तिसरी तार सांभाळ

नॅशव्हिल, टेनेसी
१२ ऑक्टोबर

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

‘शब्दांशिवाय गिटारवर वाजवायला पहिलं कंट्री गाणं कुठलं घेऊ, आणि कसं?’ हा तुझा प्रश्न एका ओळीचा, पण उत्तर फोनवर टाइप करून भागेना. ‘टेनेसी वॉल्ट्झ’ घे. पी वी किंग आणि रेड स्ट्युअर्ट यांनी १९४६ मध्ये रचलेलं, १९५० मध्ये पॅटी पेजच्या आवाजात घरोघरी पोचलेलं. १९६५ पासून ते या राज्याच्या अधिकृत गीतांपैकी एक आहे. गाण्यात आहे काय, तर नाचता नाचता मैत्रिणीने प्रियकर पळवला! राज्यगीताला विषय झकास निवडलाय.

सुरुवातीला गिटारला हात लावू नकोस. नानांच्या पेटीवर पांढरी एकमध्ये (म्हणजे सी) चाल काढ आणि ओळ कुठे श्वास घेते ते बघ. गिटारला श्वास लागत नाही, म्हणून शिकणारे ओळीमागून ओळ रेटत जातात आणि गाणं लिफ्टमधल्या संगीतासारखं होतं. पहिले दोन स्वर समेच्या आधी येतात, तेही पेटीवरच पक्कं कर.

गिटारवर सी मध्येच वाजव. ठेका तीन मात्रांचा, म्हणजे तुझ्या दादऱ्याचा अर्धा तुकडा. वॉल्ट्झमध्ये खाली नसते, पण दोन बारची (बार म्हणजे तीन मात्रांचं एक आवर्तन) जोडी धरून दुसरा बार जरा हलका ठेवला की ठेका डुलतो. म्हणून सी कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) असताना बेस, म्हणजे अंगठ्याचा जाड स्वर, पहिल्या बारला पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे पट्टीवरचं घर; तारा पातळकडून मोजायच्या), दुसऱ्याला चौथीच्या दुसऱ्यावर. एफला दोन्ही वेळा चौथी, तिसरा फ्रेट. डी सेव्हनला चौथी मोकळी, जी सेव्हनला सहावीचा तिसरा फ्रेट, ई सेव्हनला सहावी मोकळी. व्हिडिओंमध्ये शिकवतात ते ट्रॅव्हिस पिकिंग, म्हणजे अंगठ्याने आलटून पालटून बेस वाजवायची पद्धत, चार मात्रांचं असतं. ते इथे बसवायला गेलीस तर बेस दर बारला उलटापालटा पडेल.

आधी नुसती चाल पातळ तीन तारांवर, मग नुसता बेस, मग दोन्ही मिळून. भरणा (कॉर्डचे मधले स्वर) अगदी शेवटी, तोही चालीचा स्वर लांबतो तिथेच: दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला लगतच्या दोन जाड तारा हलकेच. भरणा चालीपेक्षा मोठा वाजला की ऐकणाऱ्याला गाणं सापडत नाही. दुसरी चूक डाव्या हाताची. कॉर्ड बदलायच्या घाईत चालीचं बोट आधी उचललं जातं आणि लांब स्वर मध्येच तुटतो. ते बोट सगळ्यात शेवटी उचलायचं.

आता खरी मेख. पहिल्या ओळीत सी, सी सेव्हन, एफ असा क्रम आहे. सी सेव्हनमध्ये करंगळी तिसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे कोमल नी. एफला तीच तार दुसऱ्या फ्रेटवर उतरते, तो शुद्ध ध. मधल्या भागात सीनंतर ई सेव्हन येतो, तेव्हा तर्जनी त्याच तारेच्या पहिल्या फ्रेटवर, कोमल ध. तिथून पुन्हा एफ, पुन्हा शुद्ध ध. एकाच धैवतावर एकदा वरून उतरायचं, एकदा खालून चढायचं! बरेच जण ई सेव्हन गाळून सी वरच बसून राहतात आणि मग मधला भाग वेगळा वाटतच नाही. ही तिसरी तार थोडी जोरात वाजली तरी चालेल.

एफसाठी पूर्ण बारे, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबणं, नको. तर्जनीने पहिल्या दोनच तारा दाब, बाकी पातळ चार तारांत भागतं.

स्टील गिटारचा (तारांवर सळई सरकवून वाजवतात ती) भास हवा असेल तर शेवटच्या फेरीत एखाद्या ओळीला पहिली आणि तिसरी तार जोडीने घे: मोकळ्या दोन्ही, मग पहिली १ आणि तिसरी २, ३ आणि ४, ५ आणि ५, ७ आणि ७, ८ आणि ९. ३ आणि ४ पासून पुढे दोन फ्रेट मागून घसरत यायचं, मधली तार छेडायची नाही. तिसरी तार गुंडाळीची असेल तर घसरताना किरकिरते. दाब किंचित सैल कर. पण एकाच ओळीला, नाहीतर सरबत गोडमिट्ट होतं.

अंगठ्याचं पिक (तार छेडायची नखी) घट्ट असेल तर गरम पाण्यात बुडवून सैल कर. उजव्या तळहाताची कड ब्रिजवर (तारा बसवलेली खालची पट्टी) जाड तारांना जेमतेम टेकव, बेस ठुमकेदार येईल. कड पुढे सरकली तर स्वरच मरतो.

मेट्रोनोम ६० वर लाव, ९० पर्यंत ने, त्यापुढे नको. चार भाग, १६-१६ बारचे. ९० ला सव्वादोन मिनिटांच्या आत संपतं. मधल्या भागाचं रेकॉर्डिंग आधी पाठव, तिसरी तार ऐकायची आहे.

ति. नाना-आईंना सा. न., दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलासकाका