शंभर तासांच्या चाचणीवर विसंबू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्यासाठी प्लॅटिनम-इरिडियमऐवजी निकेल, लोह, कोबाल्ट वापरल्याच्या बातम्यांत 'उत्प्रेरक 100 तास टिकला' हे वाक्य हमखास असते. टिकाऊपणाचा पुरावा म्हणून ते फार तोकडे आहे.

कारखान्यातल्या इलेक्ट्रोलायझरकडून, म्हणजे विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्राकडून, 60,000 तासांची अपेक्षा असते. समजा, उत्प्रेरक झिजल्यामुळे लागणारा व्होल्टेज तासाला 5 मायक्रोव्होल्टने वाढतो. 100 तासांत वाढ होईल अर्धा मिलिव्होल्ट; बुडबुड्यांमुळे होणाऱ्या चढउतारांत ती दिसायचीही नाही. 60,000 तासांत तीच 300 मिलिव्होल्ट होते. एक किलो हायड्रोजनला सुमारे 26,600 अँपिअर-तास लागतात, म्हणजे किलोमागे 8 युनिट वीज जादा. मुळात आदर्श गरजच 39.4 युनिटची आहे.

चाचणीतला प्रवाहही पाहावा. बहुतेक प्रयोग चौरस सेंटिमीटरला 10 मिलिअँपिअरवर होतात. त्या वेगाने एक चौरस मीटरचा इलेक्ट्रोड तासाला चार ग्रॅमही हायड्रोजन देत नाही. 500 मिलिअँपिअरवर गेले की बुडबुड्यांचा मारा वाढतो आणि बाइंडरने (चिकट द्रव्याने) चिकटवलेली उत्प्रेरकाची पूड सुटू लागते. म्हणून उत्प्रेरक निकेलच्या जाळीवरच वाढवलेला बरा.

सर्वांत दुर्लक्षित परीक्षा वीज बंद होण्याची. सौर किंवा पवन ऊर्जेवर यंत्र वारंवार थांबणारच. वीज तुटली की एका बाजूचा ऑक्साइड आणि दुसऱ्या बाजूचा हायड्रोजन मिळून बॅटरीच तयार होते. ओळीने जोडलेल्या सेलमध्ये सामाईक नळ्यांतल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातून उलटा प्रवाह वाहतो आणि कॅथोडचे (हायड्रोजन देणाऱ्या इलेक्ट्रोडचे) ऑक्सिडीकरण होते. निकेलवर हायड्रॉक्साइड चढते, उत्प्रेरक फॉस्फाइडचा असेल तर त्यातला फॉस्फरस फॉस्फेट होऊन द्रावणात जातो, मॉलिब्डेनम असेल तर तेही विरघळते. सलग 1,000 तास चालवण्यापेक्षा चालू-बंदची शेकडो आवर्तने जास्त सांगून जातात, तीही थांबवताना संरक्षक प्रवाह न देता.

लोहाचे वागणे वेगळेच. निकेलच्या अॅनोडची (ऑक्सिजन देणाऱ्या इलेक्ट्रोडची) ऑक्सिजन काढण्याची क्षमता बरीचशी द्रावणातून आलेल्या लोहाच्या अंशावर चालते. पोटॅशियम हायड्रॉक्साइड कसून शुद्ध केले की ती घसरते. चालता चालता लोह अॅनोडवरून सुटते आणि कॅथोडवर जाऊन बसू शकते. म्हणून चाचणीआधी व नंतर द्रावणातले धातू मोजावेत. काचेचे भांडे तर टाळावेच. 80 अंश सेल्सिअसला 30 टक्के द्रावणात काच विरघळते आणि तिच्यातले सिलिका व लोह मिसळते. टेफ्लॉनचे भांडे घ्यावे.

आणखी एक चूक थेट 'मौल्यवान धातूविना' या दाव्यावरच घाला घालते. कॅथोड तपासताना समोरचा दुसरा इलेक्ट्रोड म्हणून प्लॅटिनमची तार लावली, तर ती हळूहळू विरघळून त्याच कॅथोडवर जमते आणि उत्प्रेरक दिवसेंदिवस 'सुधारतो'. तिथे ग्रॅफाइटची कांडी हवी. समोरचा इलेक्ट्रोड कशाचा होता, हे शोधनिबंधाच्या प्रयोगपद्धतीत सहसा एका ओळीत लिहिलेले असते. बातमी देण्यापूर्वी आपल्या प्रतिनिधीने निदान ती ओळ वाचावी, ही विनंती.

आपला,
विद्युतरसायनशास्त्राचा एक अभ्यासक